अंगावरचे प्राणी: विणलेल्या नक्षीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात कर्वेनगरच्या घरातल्या एका खोलीत आम्ही पाचजणी मागणीप्रमाणे स्वेटर विणून देतो, आणि मागणी बहुतेक वेळा प्राण्यांचीच असते. नवरात्र संपलं की फोन सुरू होतात आणि तेच ते प्रश्न येतात. फोन उचलायला सुई खाली ठेवली की टाके मोजायचे राहतात, आणि एक टाका चुकला की हत्तीची सोंड वाकडी होते. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. वाचूनही फोन केलात तर राग नाही, फक्त दुपारी एक ते चार सोडून करा. कारण तुम्हाला वाटतंय ते नाही. त्या वेळात आमच्या खोलीत सगळ्यात चांगला उजेड असतो, आणि काळी लोकर विणायला उजेड लागतो.

माझ्या कुत्र्याचा फोटो पाठवला तर तो जसाच्या तसा विणून मिळेल का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

विणकामात एक टाका म्हणजे एक ठिपका. मध्यम जाडीच्या लोकरीत दहा सेंटीमीटर रुंदीत साधारण २२ टाके आणि दहा सेंटीमीटर उंचीत ३० ओळी बसतात. वीस सेंटीमीटरचा चौकोन धरला तर ४४ टाके आणि ६० ओळी, म्हणजे सगळे मिळून २,६४० ठिपके. तुमच्या फोनमधल्या फोटोत ते एक कोटीच्या वर असतात. त्यातल्या मिशा, ओलं नाक, डोळ्यांतली चमक आणि ‘तो बघा कसा हसतोय’ हे सगळं या अडीच हजारांत बसत नाही. बळेच बसवलं तर अंगावर कुत्रा दिसत नाही, चहा सांडल्यासारखं दिसतं.

ज्यांनी लहानपणी ठिपक्यांची रांगोळी काढली आहे त्यांना हे पटकन कळतं. पंधरा ते एक ठिपक्यांत मोर काढायचा तर प्रत्येक पीस काढत बसत नाही. मान कुठे वळते आणि पिसारा कुठून फुटतो, एवढं साधलं की झालं. आम्ही फोटोत तेवढंच शोधतो: हा प्राणी दुसऱ्यापासून वेगळा कशामुळे ओळखू येतो? मागच्या हंगामात एका ताईंनी गल्लीतल्या देशी कुत्र्याचे चाळीस फोटो पाठवले होते. त्याचा एक कान उभा आणि एक पडलेला होता. आम्ही अंग सरळ तपकिरी ठेवलं, चेहऱ्यावर काही केलं नाही, फक्त तो एक कान पाडला. ताईंनी दारातच ओळखला.

तेव्हा फोटो पाठवा, पण बाजूने काढलेला, उभ्या कुत्र्याचा. शिवाय त्याची एक खोड किंवा खूण दोन वाक्यांत लिहा. ती वाक्यं आम्हाला फोटोपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

नेटवरून चौकटींचा नमुना घेऊन मी हत्ती विणला, तो बसका का झाला?

करायला गेलो गणपती आणि झालं माकड, त्यातला हा प्रकार. चूक विणण्यात नसते, कागदात असते.

साध्या आलेख कागदाचे चौकोन खरोखर चौकोनी असतात. सुलट विणीतला टाका तसा नसतो. तो उंचीपेक्षा रुंद असतो, म्हणूनच तर दहा सेंटीमीटरमध्ये टाके २२ आणि ओळी ३०. समजा हत्ती २२ सेंटीमीटर रुंद आणि १८ सेंटीमीटर उंच हवा आहे. टाके झाले ४८ आणि ओळी ५४. हेच चित्र चौकोनी कागदावर ४८ बाय ५४ चौकटींत काढलं तर हत्ती ताणल्यासारखा, उंटाच्या चुलतभावासारखा दिसेल. घाबरू नका, विणल्यावर तो बरोबर बसेल. उलट कागदावर देखणा दिसावा म्हणून ४८ बाय ३९ चौकटी घेतल्या, तर विणून तो जेमतेम १३ सेंटीमीटर उंच होतो आणि त्याचं डुक्कर होतं.

म्हणून आधी दहा-बारा सेंटीमीटरचा नमुन्याचा तुकडा विणायचा, धुवायचा, वाळवायचा आणि मग टाके-ओळी मोजायच्या. धुण्याआधी मोजलेलं माप धरू नका. दोन बायका एकच लोकर, एकच सुई घेऊन बसल्या तरी दोघींचा हात वेगळा पडतो. आमच्याकडे एकीचा हात इतका घट्ट आहे की तिच्या वाट्याला आम्ही मुद्दाम लहान प्राणी देतो.

रंगीत प्राणी नेमका विणतात कसा? मागून धागे लोंबतात ते चालतं का?

तीन-चार रीती आहेत, आणि कुठला प्राणी कुठल्या रीतीने करायचा यावरच अर्धं काम ठरतं.

पहिली रीत इंटार्सिया. मोठा एकसंध प्राणी असेल, म्हणजे छातीवर एकच वाघ किंवा एकच मोर, तर ही. यात प्रत्येक रंगाच्या ठिकाणी लोकरीची वेगळी छोटी गुंडी लावतात. लाल पार्श्वभूमी डावीकडे एका गुंडीने, मधला पांढरा दुसऱ्या, पुढचं लाल पुन्हा तिसऱ्या गुंडीने. रंग बदलताना जुना धागा नव्या धाग्यावर एकदा फिरवून घ्यायचा, नाहीतर तिथे उभी भेग राहते. लोकांना हे फार परदेशी वाटतं, पण पैठणीच्या पदराकडे बघा. तिथेही मोराची मान, पिसारा, डोळा यांचे रेशीमधागे वेगवेगळ्या तिल्ल्यांवर, म्हणजे धागा गुंडाळलेल्या छोट्या नळ्यांवर, असतात आणि जिथे दोन रंग भेटतात तिथे ते एकमेकांत अडकवून मागे फिरवतात. म्हणून हातमागाच्या खऱ्या पैठणीचा मोर मागूनही मोरच दिसतो. मागावर हे आडव्या धाग्यांनी होतं, सुईवर टाक्यांनी, पण डोकं एकच चालवावं लागतं. आमच्यातल्या एकीचं माहेर येवल्याचं. तिला इंटार्सिया एका दुपारी आलं, मला महिना लागला होता.

दुसरी रीत दोन धागे सोबत नेण्याची. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत, त्यांतल्या फेअर आयल या बेटाच्या नावाने ही रीत जगभर ओळखली जाते. नॉर्वेतले समोरासमोर उभे असलेले रेनडिअरही असेच विणतात. एका ओळीत दोनच रंग. जो रंग विणायचा नाही तो धागा मागून सोबत चालतो. रांगेने येणारे छोटे प्राणी, बदकं, मेंढ्या, मासे यांना हीच रीत बरी, कारण रंग सारखे-सारखे अंतराने येतात. मागचा धागा पाच टाक्यांहून जास्त मोकळा सोडायचा नाही. सोडला तर स्वेटर घालताना बोट अडकतं, आणि धागा ओढला की पुढे हरणाचा पाय मुडपतो. या रीतीचा स्वेटर दुप्पट जाड होतो, हे पुण्यात लक्षात ठेवायला हवं.

तिसरी, टाक्यावर टाका. स्वेटर एका रंगात पुरा विणायचा आणि नंतर बोथट सुईने, विणलेल्या टाक्याच्याच वाटेने, दुसऱ्या रंगाचा धागा फिरवायचा. डोळे, चोच, वाघाचे बारीक पट्टे यासाठी आम्ही हेच वापरतो. चुकलं तर उसवता येतं. मोठा भाग असा भरला तर मात्र तो पुठ्ठ्यासारखा ताठ होतो.

आणि शेवटची, रंगच न बदलता उलट-सुलट टाक्यांनी किंवा केबलने, म्हणजे टाके एकमेकांवरून ओलांडून घातलेल्या पिळाने, आकार उठवायचा. त्याबद्दल खाली घुबडाच्या प्रश्नात.

दुकानातल्या स्वेटरवरचा प्राणी विणलेला आहे की छापलेला, कसं ओळखावं?

उलटा करा. मागे काहीच नसेल आणि पुढे चित्र असेल तर ते छापलेलं. खात्रीसाठी आडवं ताणून बघा, छापील वाघाच्या पट्ट्यांतून खालचा रंग डोकावतो. मागे चुरचुरणारं कापड चिकटवलेलं असेल तर ते यंत्राचं भरतकाम. मागे सगळीकडे बारीक रंगीत ठिपके किंवा पट्ट्या असतील तर ते जॅकार्ड, म्हणजे यंत्राने रंग आत विणलेले.

यंत्राचं विणकाम कमी प्रतीचं असतं असं मी म्हणणार नाही. आपल्याकडचे लोकरी स्वेटर मोठ्या प्रमाणावर लुधियानाहून येतात, सुती होजियरी तिरुपूरहून. जपानच्या शिमा सेइकी आणि जर्मनीच्या स्टोल या कंपन्यांच्या संगणकावर चालणाऱ्या यंत्रांवर होणारा बारीक प्राणी आमच्या हाताने होणं शक्य नाही. तसा हवा असेल तर तोच घ्या. आमच्याकडे या ते पडलेल्या कानासाठी.

‘डिझायनर’ स्वेटरवर प्राणी आले कुठून?

लोकरी कपड्यांवर प्राणी विणणं जुनंच आहे, पण नाव असलेल्या माणसाने ठरवून काढलेला प्राणी ही विसाव्या शतकातली गोष्ट. पहिला बहुधा तुमच्या कपाटातच असेल. फ्रान्सचा टेनिसपटू रने लाकोस्त याला ‘मगर’ म्हणत. त्याच्या मित्राने, रोबेर जॉर्जने, ती मगर काढून दिली आणि १९३३ मध्ये लाकोस्तने होजियरीवाल्या आंद्रे जिलिए याच्याबरोबर ती छातीवर लावलेले शर्ट विकायला काढले. ते शर्टही विणलेल्या कापडाचेच, ‘पिके’ नावाच्या जाळीदार विणीचे. कपड्याची खूण आत गळ्याशी न लपवता बाहेर मिरवायची सवय लावणाऱ्यांत ही मगर अगदी पुढे होती.

खरी प्राणिसंग्रहालयाची मालकीण मात्र इटलीची मारिउच्चा मांदेल्ली. तिने १९५४ मध्ये मिलानमध्ये ‘क्रित्सिया’ सुरू केलं, नाव घेतलं प्लेटोच्या ‘क्रिटियास’ या संवादावरून. पुढे दर हंगामाला तिच्या स्वेटरवर एक नवा प्राणी यायचा, आणि यंदा कोण याची लोक वाट बघायचे. मला तिचं काम आवडतं ते यासाठी, की तिचे वाघ-बिबटे गोंडस नसतात. अंगाभोवती वळसा घालून बसतात, म्हणजे घालणारा माणूसही चित्राचा भाग होतो.

ऑस्ट्रेलियाच्या जेनी की हिने १९७३ मध्ये सिडनीत ‘फ्लेमिंगो पार्क’ नावाचं दुकान काढलं आणि तिथले कोआला, कांगारू, पक्षी भडक रंगांत स्वेटरवर आणले. तोवर तिकडे फॅशन म्हणजे युरोपकडे बघणं होतं. तिचा कोआलाचा स्वेटर ब्रिटनच्या राजघराण्यातल्या डायनाने १९८२ मध्ये पोलोच्या सामन्याला घातला.

आणि डायनाचं नाव निघालं की मेंढ्या येणारच. सॅली म्यूर आणि जोआना ऑझबोर्न या दोघींनी १९७९ मध्ये लंडनमध्ये ‘वॉर्म अँड वंडरफुल’ सुरू केलं. लाल स्वेटर, त्यावर पांढऱ्या मेंढ्यांच्या रांगा आणि त्यात एकच काळी. जून १९८१ मध्ये, लग्नाला महिना राहिलेला असताना, डायना तो घालून पोलो बघायला आली आणि फोटो जगभर गेला. पुढे त्या स्वेटरची बाही खराब झाली म्हणून राजवाड्यातून तो दुरुस्तीला परत आला. दोघींनी दुरुस्त करण्याऐवजी नवाच विणून पाठवला. जुना पेटीत गेला. तो २०२३ मध्ये ऑझबोर्न यांना माळ्यावर सापडला आणि सप्टेंबरमध्ये सदबीजच्या लिलावात ११ लाख ४३ हजार डॉलरला गेला, म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेनऊ कोटी रुपयांच्या आसपास. अंदाज होता ५० ते ८० हजार डॉलरचा.

आमच्या खोलीत ही गोष्ट सांगितली तेव्हा एक मावशी एवढंच म्हणाल्या, “बाही दुरुस्त केली असती तर?”

२०१२ चा केन्झो या ब्रँडचा डरकाळी फोडणारा वाघ तुम्हाला ठाऊक असेल, कारण त्याच्या नकला पुण्यातल्या रस्त्यांवरही भरपूर दिसल्या. तो विणलेला नाही, स्वेटशर्टवर भरलेला आहे. त्यानंतर गुच्चीचे साप, मधमाश्या, वाघ आले. ते चांगले की वाईट हे ज्याचं त्याने ठरवावं.

ती काळी मेंढी हुबेहूब विणून द्याल का? आणि ब्रँडचा वाघ?

नाही, दोन्ही नाही. आधी कायद्याचं सांगते. ब्रँडची मगर किंवा वाघ हे नोंदवलेले ट्रेडमार्क असतात, ते विकण्यासाठी विणणं म्हणजे नक्कल. डिझाइनसाठी आपल्याकडे २००० चा वेगळा कायदा आहे. नोंदणी केली की दहा वर्षं संरक्षण मिळतं, आणखी पाच वर्षं वाढवता येतं. नोंद न केलेल्या डिझाइनचं काय, तर त्याच्या पन्नासहून जास्त प्रती यंत्राने काढल्या की त्यावरचा कॉपीराइटही जातो. ‘मला एकच हवाय, कोण बघतंय’ असं म्हणणारे बरेच भेटतात. आम्हीच बघतो.

कायद्यापलीकडचाही भाग आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे कोविचन लोक जाड, हातकताईच्या लोकरीत गरुड, व्हेल, हरणं विणतात. व्हँकूव्हरच्या २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकच्या अधिकृत कपड्यांत त्यांच्यासारखाच दिसणारा, पण त्यांनी न विणलेला स्वेटर आला तेव्हा त्यांनी जाहीर आक्षेप घेतला, आणि शेवटी त्यांचे स्वेटरही विक्रीला ठेवावे लागले. कुणाच्या घरातला प्राणी उचलून आणताना हे आठवावं.

काळ्या मेंढीबद्दल आम्ही वेगळं सुचवतो. इंग्रजीत काळी मेंढी म्हणजे घराण्याला बट्टा लावणारा. आपल्या दख्खनी मेंढ्या मुळात बऱ्याचशा काळ्याच असतात, आणि त्यांच्या लोकरीची काळी घोंगडी धनगराच्या खांद्यावर, देवापुढच्या बैठकीला, जागरणाला मानाने असते. मग लाल स्वेटरवर ‘एकटी काळी’ दाखवून आपण नेमकं काय सांगतोय? दोन वर्षांपूर्वी आम्ही उलटं केलं: काळपट तपकिरी अंगावर रांगेने काळ्या मेंढ्या आणि कोपऱ्यात एक पांढरी, मान वळवून बघणारी. काळ्यावर काळं दिसेना म्हणून मेंढ्या उलट टाक्यांत काढल्या, त्यामुळे त्या लोकरीसारख्याच खरखरीत उठल्या. तो नमुना आमचा आहे. तो मागा, हवा तितका विणून देऊ.

मग कुठले प्राणी सुचवाल?

इथलेच. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी, भीमाशंकरचं अभयारण्य प्रामुख्याने त्याच्यासाठी. स्वेटरला याहून सोयीचा प्राणी नाही. तांबूस अंग, फिकट पोट आणि अंगाहून लांब शेपूट. पुढच्या बाजूला शेकरू बसवायचा आणि शेपूट खांद्यावरून पाठीवर सोडायचं. खांदा शिवताना ओळी जुळवताना जीव जातो, पण दिसतं सुरेख.

ब्लू मॉर्मन हे २०१५ पासून राज्य फुलपाखरू आहे. काळे पंख, त्यावर निळा पट्टा. संक्रांतीच्या काळ्या स्वेटरला आयतंच. हरियाल हा राज्यपक्षी हिरवट-पिवळा, मात्र हिरव्या छटा जवळजवळच्या आहेत आणि लोकरीत तशा नेमक्या मिळत नाहीत. दोनदा केला, दोन्हीदा पोपट समजला गेला.

नमुन्यांसाठी आम्ही राजा दिनकर केळकर संग्रहालयात जातो. बाजीराव रस्त्याजवळ आहे, पुण्यात वाढलेल्यांनी शाळेच्या सहलीत एकदा बघितलेलं आणि नंतर विसरलेलं. तिथले अडकित्ते आणि दिवे वही घेऊन बघा. पितळेच्या कारागिरालाही आमचीच अडचण होती: पोपट दिसला पाहिजे आणि सुपारीही कातरली पाहिजे. म्हणून त्याने फालतू रेघ ठेवलेली नाही. चैत्रांगणातलं कासव, हत्ती, नाग हेही टाक्यांत बसायला फार समजूतदार आहेत. किल्ल्यांच्या दरवाजांवरचा शरभ, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक प्राणी, एका ट्रेकर मुलाने मागितला होता, पायांखाली हत्ती दाबलेला. शरभ जमला. हत्ती इतके लहान झाले की उंदीर वाटायला लागले, शेवटी काढून टाकले.

घुबड विणता का? आमच्या आजीला चालणार नाही, पण मला हवंय.

विणतो. आजींना सांगा, लक्ष्मीचं वाहन आहे. घुबडाला वेगळा रंगही लागत नाही. आठ टाक्यांची घोड्याच्या नालेसारखी केबल एकावर एक घातली की अंग होतं, वर पुन्हा तशीच घातली की कान आणि चेहरा. दोन मणी लावले की डोळे. मणी लावले नाहीत तर ती नुसती नक्षी दिसते. असं आम्ही एकीला करून दिलं होतं. घरात कुणालाच कळलं नाही, तिला मात्र माहीत होतं.

वाघ?

हो. निवडणुकीच्या दिवसांत आम्ही वाघ, हत्ती मागणाऱ्याला पक्ष विचारत नाही. भगव्या पार्श्वभूमीवर मात्र वाघाचे पट्टे उठत नाहीत, हे रंगशास्त्र आहे, राजकारण नाही.

पुण्यात एवढी थंडी असते कुठे? स्वेटर घालून घाम येईल.

खरं आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो आणि अकरा वाजता स्वेटर कमरेला बांधावा लागतो. म्हणून इथल्यासाठी आम्ही बिनबाह्यांची जाकिटं जास्त विणतो, आणि सुती धागाही वापरतो. सुती धाग्याला लवचीकपणा नसतो, तो जडही असतो. मोठा हत्ती सुतीत केला की वर्षभराने तो पोटाकडे सरकतो. लहान प्राणी करा, वर काढा.

हिमाचलला जायचंय म्हणून मागत असाल तर दोन धागे सोबत नेलेलं घ्या, मागचे धागे गरम ठेवतात.

लोकर टोचेल का?

तंतूच्या जाडीवर आहे. मेरिनोचा तंतू साधारण १७ ते २४ मायक्रॉन. तीसच्या पुढे गेलं की बहुतेकांना टोचतं. घोंगडीची दख्खनी लोकर त्याहून जाड, म्हणून ती गळ्याशी नको, अंगावर पांघरायला उत्तम. अॅक्रिलिक टोचत नाही, स्वस्त पडतं, रंगही पुष्कळ मिळतात. बाळांच्या आया तेच मागतात आणि त्यात काही कमीपणा नाही. फक्त त्यावर गरम इस्त्री फिरवू नका. एकदा का ते मऊ पडून लोळलं की पुन्हा उठत नाही, वाघाची चादर होते.

बाळंतविड्यासाठी काय करता?

स्वेटर, टोपडं, मोजे, हवं तर दुपटं. पूर्वी यावर बदक नाहीतर ससा ठरलेला असे, कारण दिवाळी अंकात किंवा मासिकात नमुना तोच यायचा. आता डायनोसॉर मागतात.

तीन गोष्टी आम्ही कुणाच्याही सांगण्यावरून बदलत नाही. तीन वर्षांखालच्या मुलाच्या कपड्यावर बटणाचे किंवा मण्यांचे डोळे नाहीत, कारण ते तोंडात जातात. डोळे धाग्यानेच करतो. आत लोंबणारे धागे नाहीत, कारण बाळाची बोटं त्यात अडकतात. आणि मोहेअरसारखी केसाळ लोकर गळ्याशी नाही.

बोरन्हाणासाठी काळा स्वेटर आणि त्यावर हलव्यासारख्या पांढऱ्या ठिपक्यांच्या मेंढ्या, हे आमचं सगळ्यात जास्त खपणारं काम. त्याची मागणी नोव्हेंबरच्या आत द्या. दहा जानेवारीला फोन करून ‘छोटंसंच तर आहे’ म्हणू नका. छोट्या स्वेटरचा गळाही तेवढाच वेळ खातो.

वेळ किती लागतो? आणि एवढे पैसे कसले?

मोठ्या माणसाच्या स्वेटरला अर्धा किलोच्या आसपास लोकर लागते, म्हणजे ५० ग्रॅमच्या दहा-अकरा गुंड्या. लोकरीचे पैसे तुम्हाला कधीच खुपत नाहीत, हाताचे खुपतात. साधा एकरंगी स्वेटर चाळीस-पन्नास तास. त्यावर इंटार्सियाचा प्राणी असेल तर साठ-सत्तर.

ते जास्तीचे तास कुठे जातात ते मागच्या बाजूला बघा. रंगाच्या प्रत्येक तुकड्याला दोन टोकं असतात, सुरुवातीचं आणि शेवटचं. वाघाला पंचवीस पट्टे असतील तर पन्नास टोकं. प्रत्येक टोक मागच्या टाक्यांतून चार-पाच सेंटीमीटर फिरवून जिरवायचं, असं की पुढून दिसू नये आणि धुतल्यावर सुटू नये. हे काम कुणालाच आवडत नाही. आम्ही ते रविवारी सगळ्या मिळून करतो, मध्ये भडंग ठेवून. झेब्रा मागितलात तर आम्ही आधी बदक सुचवतो.

प्राणी कुठे बसवायचा?

छातीच्या मधोमध बसवला की चेहरा ताणला जातो. वीण आडवी पसरते, त्यामुळे ज्यांची छाती भरलेली आहे त्यांच्या अंगावर मांजराची वाघीण होते. जरा वर आणि एका बाजूला घ्या, किंवा सरळ पाठीवर. पोटावर तर अजिबात नको, बसलं की प्राण्याची घडी पडते. पुढून उघडणाऱ्या स्वेटरवर एकच मोठा प्राणी घेऊ नका. बटणं उघडी राहिली की डोकं एकीकडे आणि शेपूट दुसरीकडे. मगरीला मात्र हे शोभतं.

धुवायचा कसा? ठेवायचा कसा?

गार पाण्यात, सौम्य द्रव साबणाने, पाच मिनिटांत. पिळायचा नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा आणि सावलीत आडवा वाळवायचा. दोरीवर टांगला की जिराफ होतो, मग तो मुळात कुठलाही प्राणी असो. लाल-पांढरा किंवा काळा-पांढरा असेल तर भिजत ठेवू नका, रंग उतरला की पांढरी मेंढी गुलाबी होते आणि त्यावर आमच्याकडे इलाज नाही.

पावसाळ्यापूर्वी स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, जुन्या सुती कापडात बांधून ठेवा. कसर लागते ती खऱ्या लोकरीला, कारण अळीला त्यातलं केराटिन खायचं असतं, आणि घामाचा, अन्नाचा डाग असेल तिथे ती आधी पोचते. सुती, अॅक्रिलिक तिला नको असतं. भोक पडलंच तर आणा. त्या भोकावर टाक्यावर टाका घालून आम्ही एक माशी काढून देतो. एका काकांच्या स्वेटरवर आता चार आहेत.

मला स्वतः विणायला शिकायचं आहे. कुठून सुरुवात करू?

सुया आणि लोकर तुळशीबागेत मिळतात, रविवार पेठेत जास्त प्रकार मिळतात. सुरुवातीला फिकट रंगाची, न सुटणारी, मध्यम जाडीची लोकर घ्या. काळी नको, टाके दिसत नाहीत. पहिला प्राणी एकाच रंगात, सुलट अंगावर उलट टाक्यांचा मासा. सोळा टाक्यांत होतो. तो दिसला की दोन रंगांकडे वळा. यूट्यूब बघून शिकलात तरी चालेल, पण एकदा तरी कुणाच्या शेजारी बसून शिका, कारण धागा बोटावर किती ताणायचा हे पडद्यावर दिसत नाही. आमच्याकडे शनिवारी सकाळी चारजणींना जागा असते. पुरुषही येतात, सध्या एक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले, त्यांचे टाके आमच्यापेक्षा सारखे पडतात.

माप द्यायला येताना कुत्र्याला आणलं तर चालेल का?

आणा. उभा कसा राहतो, कान कुठला पडतो हे प्रत्यक्ष बघता येतं. तुमचा अंगाला नीट बसणारा एक जुना स्वेटर मात्र विसरू नका, माप त्यावरून घेतो. मांजर असेल तर फोटोच आणा. एकदा मांजराला आत घेतलं होतं, त्या दिवशी अकरा गुंड्यांची एक गुंडी झाली, आणि ती अजून पुरती सुटलेली नाही.